थंडीत सकाळी कुत्र्याला समुद्रावर नेताना: दापोलीच्या किनाऱ्यापुरतं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरअखेर पुण्याहून आठवडाभर दापोलीकडे मुक्काम आहे. सोबत ३ वर्षांचा, ३० किलोचा लॅब्रॅडोर. समुद्र त्याने आजवर पाहिलेला नाही. रोज सकाळी किनाऱ्यावर फिरवायचं, तर किती वाजता न्यावं, मोकळं सोडावं का, पाण्यात जाऊ द्यावं का आणि बरोबर काय घ्यावं?

बहुतेक मंडळी तयारी करतात ती लाटांच्या भीतीने. थंडीत कोकणचा समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो आणि लॅबला बहुधा पोहायला शिकवावं लागत नाही. सुट्टी संपवून परत आलेली कुत्री दवाखान्यात येतात, ती वाळूवर पडलेलं काहीतरी खाल्ल्यामुळे, पंजात काटा घुसल्यामुळे नाहीतर खारं पाणी पोटात गेल्यामुळे. म्हणून सगळं गणित भरतीच्या रेघेभोवती मांडायचं. मागच्या भरतीचं पाणी जिथवर चढलं तिथे काटक्या, शिंपले, थर्माकोल, जाळ्याचे तुकडे आणि मेलेले मासे यांची एक वेडीवाकडी रांग राहते, ती ही रेघ. त्या रेघेच्या खाली, पाण्याकडच्या बाजूला, ओल्या घट्ट वाळूचा जो पट्टा असतो तो तुमचा रस्ता. तो सकाळी किती रुंद मिळणार हे भरती-ओहोटीवर ठरतं.

जुना हिशेब अजूनही चालतो. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तो भरतीचा साधारण तास, पक्ष कुठलाही असो. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे पहाटे तीनला पूर्ण भरती आणि पुढे सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी किंवा होडीवाल्याला विचारून पक्कं करा. मोबाइलवर बघत असाल तर जवळचं बंदर निवडा. मुंबईचे आकडे दापोलीला जसेच्या तसे लागत नाहीत, वेळही सरकते आणि पाण्याची चढही कमी असते.

हा हिशेब सकाळी सातच्या फेरीला लावला तर चित्र असं दिसतं. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सातला पाणी ओसरलेलं किंवा ओसरत असतं. हे दिवस सगळ्यात सोयीचे. सप्तमी-अष्टमीला भरती नुकतीच होऊन गेलेली असते, तेव्हा थोडं थांबून आठ-साडेआठला निघा. नवमी ते एकादशी सकाळ अडचणीची. भांगाची भरती असल्याने पाणी फार वर येत नाही, पण चालायला उरते ती कोरडी भुसभुशीत वाळू आणि बरोबर भरतीची रेघ. त्या दिवशी फेरी छोटी ठेवा किंवा सरळ गावातल्या रस्त्याने जा. द्वादशीपासून पुढे सातला पट्टा मिळतो, मात्र पाणी चढतं असतं. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या वाळूवर गेलात आणि तासाभराने परत आलात, तर वाट पाण्याखाली गेलेली असते. मग ओल्या खडकांवरून चढावं लागतं. त्या खडकांना चिकटलेल्या कालवांची धार ब्लेडसारखी असते. माणसाच्या पायात चप्पल असते, कुत्र्याच्या पंजाची गादी फाटते.

निघायचं ते उजाडल्यावरच. डिसेंबरअखेर सूर्योदय सात-सव्वासातला होतो, साडेसहाला पुरेसं दिसू लागतं. अंधारात टॉर्च घेऊन जाऊ नका, याचं कारण कासवं. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. केळशी, आंजर्ले, कोळथरे आणि शेजारच्या मंडणगडातलं वेळास इथे ग्रामस्थ आणि वनविभाग मिळून ती सांभाळतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, वाळूखाली हात-दीड हातावर. कुत्र्याच्या नाकाला ती सहज सापडतात आणि उकरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. वाळूवर पाण्यापासून वर गेलेला आणि परत फिरलेला, हातभर-दोन हात रुंद, दोन्ही कडांना वल्ह्यांसारख्या खुणा असलेला माग दिसला, तर कुत्रा लगेच आखूड धरा, मागाच्या कडेने न जाता खाली पाण्याकडे वळा आणि गावातल्या कासवमित्राला कळवा. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ‘कुत्र्याने उकरलं, मी नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. जाळीचं कुंपण घातलेलं संवर्धन केंद्र असेल तर त्याच्या आसपासही फिरकू नका.

आता त्या रेघेवर काय काय असतं ते बघू. रात्री-पहाटे जाळी झाडली जातात, नको असलेली मासळी वाळूवर टाकली जाते. त्यातला केंड (पफरफिश) हा सगळ्यात घातक. दिवसा-दोन दिवसांचा सुकलेला केंड फुगलेल्या, काटेरी किंवा खरबरीत पिशवीसारखा दिसतो. तोंडाशी पोपटाच्या चोचीसारखे दात असतात, त्यावरून ओळखा. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीत जे विष असतं ते उन्हात वाळून किंवा शिजून जात नाही. कुत्र्याने खाल्ला तर लाळ, उलटी, मग मागच्या पायांतली ताकद जाणं, पुढे श्वासाचे स्नायू बंद पडणं असा क्रम असतो. यावर उतारा नाही. श्वास चालू ठेवण्याचे उपचार मिळाले तरच जनावर वाचतं. त्यामुळे खाताना डोळ्यांनी पाहिलंत, तर लक्षणांची वाट न बघता गाडी काढा आणि वाटेत डॉक्टरांना फोन करा. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा उद्योग करू नका, एका विषबाधेच्या दोन होतात.

शिंगाळा, म्हणजे समुद्रातला कॅटफिश, याचं दुखणं वेगळं. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक ताठ काटा असतो, आणि मेल्यावरही तो उभाच राहतो. काट्याला उलटे दाते असल्याने सरळ ओढला की मांस फाडत येतो किंवा आत मोडतो. वरवर टोचला असेल तर काढा. खोल असेल तर बाहेरचा भाग मासा लटकणार नाही इतका ठेवून कापा आणि काटा तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्या. वेदना फार असतात, म्हणून शांत कुत्रंही चावतं. आधी पट्टीने तोंड बांधा, मात्र उलट्या किंवा धाप असेल तर बांधू नका. काटा निघाल्यावर पंजा सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवला की ठणका उतरतो, कारण हे विष उष्णतेने निकामी होतं. पाकटाच्या (स्टिंगरेच्या) शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय. पाण्यात आधी स्वतःचा हात बुडवून बघा. तुम्हाला सोसत नाही ते त्यालाही सोसत नाही, फक्त तो बोलू शकत नाही. माणसांची वेदनाशामकं, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे, अजिबात देऊ नका.

जाळ्यातून टाकलेला समुद्रसाप अधूनमधून दिसतो, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीवरून ओळखता येतो. तो वाळूवर सुस्त पडतो आणि कुत्र्याला खेळणं वाटतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बेतलेलं आहे, समुद्रसापाला त्याचा भरवसा नाही. लांबून जा. जेलीफिश मेलेली असली तरी डंख करते. नाकाला किंवा ओठांना लागलीच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि चिकटलेले धागे चिमट्याने अलगद उचला, खरवडू नका. गोडं पाणी आणि वाळूने चोळणं, दोन्हींनी डंख वाढतो.

गळ आणि नायलॉनची दोरी हा आणखी एक प्रकार. आमिषासकट गळ गिळला आणि तोंडातून दोरी लोंबते आहे, असं झालं तर दोरी ओढू नका आणि तोंडाशी कापूनही टाकू नका. लोंबता भाग पट्ट्याला बांधा आणि एक्स-रे निघेल अशा ठिकाणी न्या. ती दोरी डॉक्टरांच्या फार कामाची असते. मोठी तपासणी खेड्यात होत नाही हे गृहीत धरून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर निघण्यापूर्वीच सेव्ह करा.

मोकळं सोडावं का? आठवडाभराच्या मुक्कामात, नवख्या कुत्र्याला, नाही. याचा अर्थ पाच फुटांच्या पट्ट्यावर जखडून ठेवा असा नाही. १० मीटरची लांब दोरी घ्या आणि ती छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला लावा. गळ्याच्या पट्ट्याला लावली तर धावत्या लॅबचा झटका मानेवर येतो. दोरी मुठीत धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही. कापसाची किंवा गुळगुळीत रबरी-प्लास्टिक लेपाची चालेल. पातळ नायलॉन मात्र भिजल्यावर हात सोलते.

इथे वाऱ्याचं एक गणित लक्षात घ्या. थंडीत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. दहा-अकरानंतर तो फिरतो आणि खारे वारे सुरू होतात. म्हणजे सकाळच्या फेरीत कुत्र्याच्या नाकात वास येणार ते वरच्या बाजूचे: सुरूच्या बनातला कचरा, वाळत घातलेली मासळी, गावातली कुत्री. तुमचा आवाजही समुद्राकडेच जातो. तुम्ही पाण्याच्या कडेला आणि कुत्रा वर सुरूकडे, अशी स्थिती झाली तर वाऱ्याविरुद्ध मारलेली हाक त्याला ऐकू जात नाही आणि आपण म्हणतो, ‘ऐकतच नाही’. यासाठी माणसाने वरच्या अंगाने चालायचं आणि कुत्र्याला पाण्याच्या बाजूला ठेवायचं. हाकेऐवजी शिट्टी वापरा. घरी दहा-बारा दिवस आधीपासून शिट्टी वाजली की खाऊ, असा सराव करा. ऐन किनाऱ्यावर शिकवायला गेलात तर जमणार नाही. त्याच काळात ‘सोड’ या आज्ञेचाही सराव हवा, आणि तो सुक्या बोंबलाच्या तुकड्यावर झाला तर उत्तम. बिस्किटावर पक्की झालेली आज्ञा बोंबलासमोर टिकत नाही.

याच वाऱ्यामुळे पाण्यात चेंडू फेकू नका. हलका चेंडू मतलई वाऱ्याने आत आत सरकत जातो आणि लॅब त्यामागे जातच राहतो. पाण्यात जायचंच असेल तर त्याच्या छातीइतक्या पाण्यापर्यंत, दोरी तुमच्या हातात, दहा मिनिटं. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा सपाट, गढूळ आणि फेस बाहेर वाहून नेणारा दिसला, तर तिथे ओढ आहे, तो टाळा. खाडीच्या मुखाशी तर नाहीच; ओहोटीला तिथलं पाणी जोरात बाहेर जातं आणि कडेच्या चिखलात पाय रुततात. आंजर्ल्याची खाडी वरून कितीही शांत दिसो.

खाऱ्या पाण्याबद्दल आकड्यात बोलू. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. किलोमागे २ ग्रॅमच्या आसपास मीठ गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. तीस किलोच्या लॅबला हे प्रमाण गाठायला पावणेदोन लिटर पाणी लागेल, सहा किलोच्या स्पिट्झला मात्र जेमतेम दीड पेला. लाटेतून चेंडू उचलताना दर वेळी घोटभर पाणी जातंच, म्हणून खेळ जितका लांबेल तितकं मीठ जास्त. जुलाब आणि एखादी उलटी हे सौम्य रूप, ते त्याहून कमी पाण्यानेही होतं. झोकांड्या, थरथर, झटके आले की प्रकरण गंभीर. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून गोडं पाणी थोडं थोडं पाजा. कुत्रं आधीच भरपूर खारं पाणी प्यायलं असेल आणि काही तास उलटून गेले असतील, तर एकदम बादलीभर गोडं पाणी पुढे ठेवू नका. रक्तातलं मीठ झपाट्याने उतरलं तर मेंदूला सूज येते. ते काम सलाइनवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

चेंडू वाळूवरही टेनिसचा नको. ओला झाला की त्याला वाळू चिकटते, दात घासले जातात आणि वाळू पोटात जाते. आतड्यात वाळू साचली तर पोट ताठ, उलट्या आणि शी बंद. गुळगुळीत रबरी खेळणं घ्या आणि खड्डे खणायच्या छंदालाही दहा मिनिटांत आवर घाला.

गावातली कुत्री. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांची वीण पावसाळ्याच्या शेवटाला आणि पिल्लं नोव्हेंबर ते जानेवारीत, म्हणजे नेमकी तुमच्या सुट्टीत. ओढून ठेवलेल्या होड्यांखाली, सुरूच्या बनात, मर्यादवेलीच्या आडोशाला व्यालेली कुत्री असते. एरवी शेपूट हलवणारी तीच कुत्री तेव्हा सरळ अंगावर येते. होड्यांपासून वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवा. टोळी भुंकत आली तर पळायचं नाही, आपल्या कुत्र्याला उचलायचं किंवा मागे ओढत न्यायचं नाही; त्याला पायाशी आखूड घ्या, हातातली काठी मधे आडवी धरा आणि तिरकं पाण्याच्या कडेकडे सरका. हद्द संपली की ती बहुधा थांबतात. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिससकटची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी. सगळे डोस न झालेलं पिल्लू असेल तर त्याला किनाऱ्यावर नेऊच नका.

जंताचं औषधही आधी द्या, आणि हे फक्त त्याच्या पोटासाठी नाही. कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या उबदार वाळूत जगतात आणि अनवाणी माणसाच्या कातडीत शिरतात. मग पायावर खाजरी, नागमोडी रेघ उमटते. विष्ठा वाळूत पुरणं हा उपाय नव्हे, उलट अळ्यांची सोय. पिशवीत भरून मुक्कामाच्या कचऱ्यात टाका. २०२५ मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेल्या किनाऱ्यांत लाडघर आणि गुहागर आहेत, आणि त्या मानांकनात पाळीव प्राण्यांवर नियंत्रण ही अटच आहे. तिथे आधी ग्रामपंचायतीला विचारा. मुरुड-कर्द्याकडे सुट्टीत आठनंतर घोडागाड्या, एटीव्ही आणि बंदी असूनही वाळूवर उतरवलेल्या मोटारी सुरू होतात. त्याआधी परत फिरणं शहाणपणाचं. सीगलच्या आणि चिखल्यांच्या थव्यांवर कुत्रा सोडून फोटो काढू नका. ते पाहुणे हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि दिवसातून दहादा उठवले तर पोट भरायला वेळ उरत नाही.

किती वेळ? पहिल्या दिवशी २० मिनिटं, तिसऱ्या दिवसापर्यंत ४०, जास्तीत जास्त तास. शहरात फरशीवर चालणाऱ्या कुत्र्याच्या गाद्या मऊ असतात, खाऱ्या पाण्याने आणखी मऊ होतात आणि वाळू त्यांना कानशीसारखी घासते. संध्याकाळी पंजे चाटत बसला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. नऊच्या आत घरी या. थंडी असली तरी दुपारी पारा तिशीपार जातो आणि कोरडी वाळू तापते. निघण्यापूर्वी पोटभर खाणं नको, परतल्यावरही धाप पूर्ण थांबून तासभर गेल्यावरच.

बरोबर घ्यायचं ते मोजकं: पाजायला १ लिटर आणि पाय धुवायला २ लिटर गोडं पाणी, घडीचं भांडं, टॉवेल, चिमटा, छोटी पक्कड, गॉझ, चिकटपट्टी, शी उचलायच्या पिशव्या, शिट्टी, आणि ‘सोड’ म्हटल्यावर बदल्यात द्यायला त्याला खरोखर आवडणारा खाऊ.

परतल्यावर आधी गोड्या पाण्याने आंघोळ, साबण नको. काख, जांघ आणि गळ्याच्या पट्ट्याखाली मीठ-वाळू राहिली तर दोन दिवसांत चट्टा उठतो. बोटांच्या बेचक्यांत सराट्याचे काटे आणि गोचीड शोधा. कानाची पाळी उलटून कापसाने दिसतो तेवढाच भाग कोरडा करा. ओल्या अंगाने त्याला उघड्या जीपमध्ये वाऱ्यावर बसवू नका. चामड्याचा पट्टा किनाऱ्यावर नेऊच नका, आणि दोरीची कडी रोज गोड्या पाण्यात धुऊन स्प्रिंग दाबून बघा. मीठ बसलं की ती अर्धवट उघडी राहते आणि ऐन ओढीत निसटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट मुळाशी ताठ आणि पुढे मेल्यासारखी लोंबताना दिसली, हात लावू देत नसेल, तर बहुतेक ती मोडलेली नसते. अति पोहण्याने शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात. लॅबमध्ये हे नेहमीचं. पोहणं बंद, विश्रांती, आणि काही दिवसांत ती पूर्ववत होते. त्यासाठी मुक्काम अर्धवट सोडायची गरज नाही, पण शी-लघवीला बसताना त्रास होत असेल किंवा मागचे पायही लटपटत असतील, तर थांबू नका.